पोर्ट ट्रस्टचा कारकून आणि तेरा अंकी संख्या

आपल्या पंचांगात दिवस-रात्र मिळून घटका ६०, एका घटकेची पळे ६०. संवत्सरेही ६०. घड्याळ आले तरी तासाची मिनिटे ६० आणि मिनिटाचे सेकंद ६०. लिहायला सोपी अशी १०० ही संख्या सोडून जुन्या लोकांना ६० एवढी सोयीची का वाटली असावी? वाटणी करून पाहिली की उलगडा होतो. ६० चे दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस असे कितीही सारखे वाटे करा, मोडतोड होत नाही. १ आणि ६० धरून ६० ला एकूण १२ विभाजक आहेत. १०० ही तिच्याहून कितीतरी मोठी, पण तिला विभाजक अवघे ९. तीन भावांत १०० ची सारखी वाटणी करायला बसले की भांडण ठरलेलेच.

६० पेक्षा लहान अशा एकाही संख्येला १२ विभाजक नाहीत. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिला जास्त विभाजक आहेत, अशा संख्यांवर १९१५ साली लंडनमध्ये ६० हून अधिक पानांचा एक निबंध छापून आला. लेखक होते श्रीनिवास रामानुजन. शाळेत आपण मूळ संख्या आणि संयुक्त संख्या शिकलो. मूळ संख्या फुटतच नाही. रामानुजन नेमके दुसऱ्या टोकाला गेले आणि सर्वांत जास्त प्रकारांनी फुटणाऱ्या संख्या कोणत्या, हे शोधत बसले. या संख्यांना मराठीत अतिसंयुक्त संख्या म्हणता येईल. १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२०, १८०, २४०, ३६०, ७२० अशी ती रांग सुरू होते. डझनाचे १२, दिवसाचे २४ तास, वर्तुळाचे ३६० अंश, सगळी ओळखीची मंडळी या रांगेत भेटतात.

रामानुजन यांच्यावर लेख आला की दोन गोष्टी त्यात हमखास असतात. एक टॅक्सीच्या १७२९ या क्रमांकाची आणि दुसरी स्वप्नात येऊन सूत्रे सांगणाऱ्या नामगिरी देवीची. नामक्कलची नामगिरी ही त्यांची कुलदेवता होती आणि तिच्यावर त्यांची श्रद्धा होती, यात शंका नाही. पण या दोनच गोष्टी सांगत राहिल्यामुळे माणूस चमत्कार होऊन बसला आणि त्याचे काबाडकष्ट दिसेनासे झाले, असे मला वाटते. अतिसंयुक्त संख्यांचा निबंध हा त्या कष्टांचा पुरावा आहे. म्हणून हा लेख त्या वाटेने सांगतो.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. घर कुंभकोणमचे. वडील कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत. आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणत, त्याचे थोडे पैसे मिळत. घरात सोवळेओवळे कडक आणि पैशाची कायम ओढाताण. शाळेत मुलगा हुशार, सर्वच विषयांत बक्षिसे मिळवणारा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती जी. एस. कार यांचे एक पुस्तक पडले. त्यात सुमारे पाच हजार सूत्रे आणि प्रमेये नुसती एकाखाली एक मांडलेली होती. सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीतच. परीक्षेच्या तयारीसाठी केलेले हे कोरडे संकलन. पण रामानुजन यांनी प्रत्येक सूत्र स्वतः सिद्ध करायला घेतले आणि त्यात इतर सर्व विषय मागे पडले.

पुढचा भाग पालकांना घाबरवणारा आहे. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, पण गणित सोडून काही वाचेना, म्हणून नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये घरी न सांगता ते विशाखापट्टणमला निघून गेले. १९०६ मध्ये मद्रासच्या पच्चय्यप्पा कॉलेजात नाव घातले. एफ. ए. च्या परीक्षेत त्या वर्षी नापास आणि पुढच्या वर्षी पुन्हा नापास. एफ. ए. नाही म्हणजे पदवी नाही आणि पदवी नाही म्हणजे बरी नोकरी नाही. विसाव्या वर्षी हा मुलगा घराच्या ओट्यावर मांडी घालून, पाटीवर गणिते करत बसलेला असे. कागद महाग, म्हणून सारे पाटीवर. फडके घेऊन पुसण्याइतकाही दम निघत नसे, कोपरानेच पुसायचे. त्या कोपराला काळे घट्टे पडले होते. मिळालेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरायचा, मधल्या पायऱ्या पाटीवरून पुसल्या गेलेल्या. सिद्धता न देता निव्वळ उत्तरे लिहिण्याची त्यांची जी सवय जगभर गाजली, तिच्यामागे कारच्या पुस्तकाइतकाच कागदाचा भावही आहे. आधीच्या निळ्या अक्षरांवर लाल शाईने आडवे लिहून एकच कागद ते दोनदा वापरत असत, असेही त्यांच्या मित्रांनी सांगितले आहे.

१४ जुलै १९०९ रोजी आईने त्यांचे लग्न लावून दिले. वधू जानकी दहा वर्षांची. आता कमवायला हवे होते. १९१० मध्ये ते तिरुकोयिलूर येथे डेप्युटी कलेक्टर असलेल्या व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले आणि तालुका कचेरीत कारकुनाची जागा मागितली. हे रामस्वामी अय्यर साधे अधिकारी नव्हते. १९०७ मध्ये भारतीय गणित परिषद त्यांनीच सुरू केली होती. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते आणि केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झालेले आपले रघुनाथराव परांजपे त्या कॉलेजचे प्राचार्य होते. रामस्वामी अय्यर यांनी वह्या चाळल्या आणि या माणसाला महसूल खात्याच्या खालच्या पायरीवर बसवून त्याचे गणित मारायचे नाही असे ठरवून, नोकरी न देता ओळखपत्रे दिली. त्या दिवशी जागा मिळाली असती, तर एक कारकून वाढला असता एवढेच.

त्या ओळखीतून नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव भेटले. त्यांनी काही काळ दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. फुकटचे घेणे रामानुजन यांना रुचेना. अखेर १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात रुजू झाले. पद कारकून, तृतीय श्रेणी, चौथी प्रत, पगार दरमहा ३० रुपये. सरकारी नोकरीतल्या वाचकांना या शब्दांचे वजन समजावून सांगायला नको.

या कार्यालयाने मात्र त्यांना जपले. मुख्य लेखापाल एस. नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. कार्यालय सुटल्यावर दोघे रात्री उशिरापर्यंत पाट्या घेऊन बसत. रामानुजन दोन पायऱ्यांत उत्तरावर उडी मारत आणि नारायण अय्यर त्यांना मधल्या पायऱ्या लिहायला लावत, दुसऱ्यांना कळायचे कसे म्हणून. ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनाही नारायण अय्यर यांनीच हे प्रकरण पटवून दिले. बंदरावर मालाला गुंडाळून आलेला कागद रामानुजन उचलून आणत आणि त्यावर गणिते करत. वरिष्ठांनी डोळेझाक केली, आणि या बाबतीत डोळेझाक हीच मोठी मदत होती. डेप्युटी कलेक्टर, कलेक्टर, मुख्य लेखापाल, अध्यक्ष: फायलींच्या जगातली चार माणसे एका नापास मुलाला हातोहात पुढे देत गेली. प्रोफेसर हार्डी यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, नारायण अय्यर यांचे फार थोड्यांना.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. त्याआधी तिथल्याच दोन नामवंत प्राध्यापकांना लिहून झाले होते, पण त्यांच्याकडून काही मदत झाली नव्हती. हार्डी यांनी सहकारी लिटलवूड यांच्यासह ती पाने तपासली आणि ही बनवाबनवी नसून अस्सल काम आहे असा निर्णय दिला. मद्रास विद्यापीठाने मग पदवी नसतानाही दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. समुद्र ओलांडण्याचा प्रश्न धर्माचा होता. आईचा विरोध देवीच्या दृष्टांतानंतर मावळला असे सांगतात. १७ मार्च १९१४ रोजी ते मद्रासहून निघाले त्या बोटीचे नाव नेवासा. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या गावाचे नाव त्या प्रवासात असे अचानक भेटते. पाठीवरची शेंडी निघण्यापूर्वीच कापली गेली होती. विद्यापीठाने वर्षाला २५० पौंड ठरवले होते, त्यातले दरमहा ६० रुपये कुंभकोणमला आईवडिलांना मिळतील अशी व्यवस्था त्यांनी आधी करून घेतली.

ट्रिनिटी कॉलेजात ते स्थिरावतात तोच ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. लिटलवूड तोफखान्याच्या कामावर गेले. थंडी, एकटेपणा, शाकाहाराचे हाल. कॉलेजच्या स्वयंपाकघरातले अन्न चालत नसे, म्हणून खोलीतच शेगडीवर भात आणि रसम करायचे, तेही कामातून आठवण झाली तर. या दिवसांत अतिसंयुक्त संख्यांचे काम पुरे झाले.

ते काम काय होते, हे थोडे सांगायलाच हवे. एखाद्या संख्येला विभाजक किती, हे मोजण्याची रीत सोपी आहे. संख्या मूळ अवयवांत फोडायची. प्रत्येक मूळ संख्या किती वेळा आली ते पाहायचे, त्यात एक मिळवायचा आणि आलेल्या आकड्यांचा गुणाकार करायचा. ६० म्हणजे २ दोनदा, ३ एकदा, ५ एकदा. म्हणून ३ गुणिले २ गुणिले २, म्हणजे १२ विभाजक. आता १८ घ्या. तिच्यात २ एकदा आणि ३ दोनदा आहे, विभाजक ६. त्याऐवजी २ दोनदा आणि ३ एकदा घेतले तर संख्या होते १२, विभाजक तेवढेच ६, पण संख्या लहान. म्हणजे १८ अतिसंयुक्त होऊ शकत नाही. यावरून पहिला नियम निघतो: लहान मूळ संख्या मोठीपेक्षा कमी वेळा येता कामा नये आणि मधली कोणतीही गाळता कामा नये. देवळापुढची दीपमाळ जशी तळाशी रुंद आणि वर निमुळती, तशी या संख्यांची घडण. २ सर्वांत जास्त वेळा, मग ३, मग ५, आणि शिखरावरची मूळ संख्या एकदाच. या शेवटच्या नियमाला अपवाद फक्त ४ आणि ३६, हे रामानुजन यांनी सिद्ध केले.

पण एवढ्याने भागत नाही. दीपमाळेची प्रत्येक पायरी नेमकी किती रुंद? २ पाच वेळा घ्यावा की सहा वेळा? २३ ला जागा द्यावी की तिच्याऐवजी आणखी एक ३ घ्यावा? इथे लॉगॅरिथमच्या आधारे त्यांनी प्रत्येक मूळ संख्येची मर्यादा वरून आणि खालून आवळत आणली. ही रांग कधी संपत नाही. शिवाय जसजसे पुढे जावे तसतसे लगतच्या दोन अतिसंयुक्त संख्यांचे गुणोत्तर १ च्या अधिकाधिक जवळ जाते, हेही त्यांनी दाखवले. आणि मग कारकून जशी खतावणी तयार करतो तसा तक्ता केला. त्यात १०२ संख्या आहेत. शेवटची ६७,४६,३२,८३,८८,८००. म्हणजे ६ लाख ७४ हजार ६३२ कोटी आणि वर ८३ लाख ८८ हजार ८००. तिच्यात २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोन-दोन वेळा, आणि ११, १३, १७, १९, २३ एकेकदा. घरातल्या मुलाला कॅल्क्युलेटर घेऊन बसवा. ७, ५, ३, ३ आणि पाच वेळा २ यांचा गुणाकार १०,०८० येतो. एवढे तिचे विभाजक. आणि गंमत अशी की १०,०८० ही स्वतःही अतिसंयुक्त संख्या आहे.

१९१४-१५ साली हे सारे हाताने. आणि हाताने केलेल्या कामाची खूणही तक्त्यात राहिली आहे. २,९३,३१,८६,२५,६०० ही संख्या यादीत हवी होती, ती निसटली. तिला ५,०४० विभाजक आहेत आणि तिला २३ ने गुणले की तक्त्यातली शेवटची संख्या मिळते. हिशेब खात्यात अशी एक नोंद सुटली असती तर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला असता. मला मात्र ही गळलेली नोंद फार बोलकी वाटते. सूत्रे आपोआप उतरत असती तर ती गळली नसती. इथे एक माणूस दिव्याखाली बसून रांगेने आकडे तपासत होता आणि एका ठिकाणी डोळा चुकला.

निबंध लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने छापला. याच कामावर मार्च १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना संशोधनाची बी. ए. पदवी दिली. एफ. ए. दोनदा नापास झालेल्या माणसाच्या नावापुढे पदवी लागली. हार्डी यांना विषय आडबाजूचा वाटला, मांडणीतले कौशल्य मात्र त्यांनी मनापासून मानले. पण छापला तो निबंध पुरा नव्हता. युद्धकाळात सोसायटीकडे पैसे कमी होते, म्हणून खर्च वाचवायला रामानुजन यांनी शेवटचा मोठा भाग स्वतःच काढून ठेवला. कुंभकोणमला पाटी, मद्रासला गुंडाळणीचा कागद आणि लंडनला हे.

१९१७ मध्ये ते आजारी पडले. क्षय समजून एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवणे सुरू झाले. घरून बायकोचे पत्र येत नसे. जानकी लिहीत होत्या, पण पत्रे सासूच्या हाती पडून पुढे जात नसत, हे नंतर कळले. १९१८ च्या सुरुवातीस लंडनच्या भुयारी रेल्वेच्या रुळांवर त्यांनी स्वतःला झोकून दिले. गाडी जेमतेम अलीकडे थांबली आणि जीव वाचला. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य निवडले. हा मान मिळालेले ते दुसरे भारतीय. पहिले होते मुंबईच्या जहाजबांधणीतले आर्देशीर खरशेटजी वाडिया, १८४१ मध्ये. ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीची फेलोशिपही मिळाली. हार्डी रुग्णालयात भेटायला आले तेव्हाची ती १७२९ ची गोष्ट. दोन घनांची बेरीज म्हणून दोन रीतींनी लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या, आणि ७, १३, १९ यांचा गुणाकार असल्याने तीही संयुक्तच.

जानेवारी १९१९ मध्ये मद्रास विद्यापीठाने नवी वार्षिक रक्कम देऊ केली, तेव्हा त्यांनी कळवले की आईवडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत आणि आपला खर्च भागून जे उरेल ते गरीब व पोरक्या मुलांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी वापरावे.

२७ मार्च १९१९ रोजी नागोया बोटीने ते मुंबईला उतरले. धक्क्यावर आई आणि धाकटा भाऊ होते. त्यांनी पहिला प्रश्न जानकी कुठे आहे हा केला. त्या आल्या नव्हत्या. पुढे वर्षभर जानकींनीच शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या रामानुजन लिहीत राहिले आणि लिहिलेली पाने एका पेटीत जमत गेली. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपेट भागात त्यांचे निधन झाले. वय ३२.

जानकीबाई त्यानंतर ७४ वर्षे जगल्या, बराच काळ मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये शिवणकामावर. १९७६ मध्ये अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांना ट्रिनिटीच्या ग्रंथालयात रामानुजन यांच्या शेवटच्या वर्षातली पाने सापडली. अतिसंयुक्त संख्यांच्या निबंधाचा काढून ठेवलेला भागही जतन झालेला होता. तो १९८८ मध्ये हस्तलिखिताच्या रूपात छापला गेला. त्यात विभाजकांच्या बेरजेबद्दल, रीमान यांचे अनुमान खरे धरून केलेले विवेचन होते, आणि १९८४ मध्ये फ्रान्सच्या गी रोबँ यांनी सिद्ध केलेल्या एका गाजलेल्या प्रमेयाच्या ते अगदी जवळचे निघाले. रोबँ आणि झाँ-लुई निकोला यांनी टिपा लिहून हा भाग नीट संपादित केला आणि १९९७ मध्ये, रामानुजन यांच्या नावाने निघू लागलेल्या नियतकालिकाच्या पहिल्या वर्षात, तो प्रसिद्ध झाला. जानकीबाई तीन वर्षांपूर्वीच, एप्रिल १९९४ मध्ये, वारल्या होत्या.